सर्व्हर सुरू झाल्यानंतरचं कॉलेज

मिशिगन राज्यातलं बॅटल क्रीक हे गाव आपल्याला ठाऊक नसलं, तरी तिथल्या केलॉग कंपनीचे कॉर्नफ्लेक्स आपल्याकडच्या डब्यांत कधीच येऊन बसले आहेत. त्याच केलॉगचं नाव लावणारं एक कम्युनिटी कॉलेज त्या गावात आहे. २९ एप्रिल २०२२ रोजी, शुक्रवारी, या कॉलेजच्या संगणकांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे तुमचीच माहिती कुलपात घालून किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्रॅम. सत्र संपत आलं होतं, परीक्षा तोंडावर होत्या. सोमवारी कॉलेजची पाचही केंद्रं बंद राहिली. काही दिवसांत वर्ग पुन्हा भरले. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले आणि यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

गेल्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या बातम्या वाचताना दोन प्रकारच्या सूचना शेजारीशेजारी दिसतात. एक, ‘यंत्रणा पूर्ववत होत आहे, कृपया धीर धरा’. दुसरी, ‘उन्हाळ्यात कोस्टा रिका, इटली किंवा जपानमध्ये तीन आठवडे शिकायची संधी, अर्जाची मुदत अमुक’. पहिली सूचना संगणक विभागाची, दुसरी आंतरराष्ट्रीय विभागाची. दोन्ही विभागांत माणसं थोडी, पैसा त्याहून थोडा, आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही असंच सगळे धरून चालतात. मला मात्र हे दोन प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन मिळताना दिसतात. कॉलेजची यंत्रणा बंद पडते तेव्हा सगळ्यांत आधी कोणाची मुदत टळते, आणि यंत्रणा सुरू झाल्यावर सगळ्यांत शेवटी कोणाकडे लक्ष जातं, हे पाहिलं की तो धागा हाती लागतो.

आधी या कॉलेजांविषयी थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्या नावाने वेगळंच चित्र उभं राहतं. इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ साली असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द रूढ केला आणि घरापासून जवळ, फीशिवाय किंवा अगदी थोड्या फीमध्ये दोन वर्षांचं शिक्षण सगळ्यांना मिळावं अशी शिफारस केली. आज अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. एकट्या कॅलिफोर्नियात ११६. पदवीपर्यंतचं शिक्षण घेणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक इथे शिकतात. प्रवेशाला गुणांची अट नसते. नर्स, इलेक्ट्रिशियन, दंतवैद्याची मदतनीस, विमानाचा मेकॅनिक इथे तयार होतात. दोन वर्षं इथे काढून पुढची दोन विद्यापीठात करणारेही खूप आहेत. विद्यार्थ्यांचं सरासरी वय सत्तावीसच्या आसपास. बहुतेक जण अर्धवेळ शिकतात, उरलेल्या वेळात नोकरी करतात, मुलं सांभाळतात.

मराठी माणसांना ही कॉलेजं परकी नाहीत. एच-४ व्हिसावर नवऱ्यामागे गेलेल्या कितीतरी बायकांना नोकरीची परवानगी नव्हती, पण शिकायला मुभा होती. २०१५ मध्ये त्यातल्या काहींना नोकरीचा परवाना मिळू लागला, तोवरची वर्षं अनेकींनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग, प्रोग्रॅमिंग किंवा बालशिक्षणाचे वर्ग करत काढली. क्युपर्टिनोचं डी अँझा कॉलेज तर बे एरियातल्या मराठी घरांत नावानिशी माहीत असतं. मुलाला थेट मोठ्या विद्यापीठात पाठवणं झेपत नसेल तर ‘दोन वर्षं डी अँझा, मग युसी (कॅलिफोर्निया विद्यापीठ)’ हा हिशेब तिथे अनेक स्वयंपाकघरांत मांडला जातो.

आता हल्ल्यांकडे येऊ. तारखा एकाखाली एक लिहून काढल्या की हल्लेखोरांची रीत लक्षात येते. लॉस एंजेलिस व्हॅली कॉलेजवर हल्ला झाला ३० डिसेंबर २०१६ ला, नाताळच्या सुट्टीत. फोन, ईमेल, संगणक, सगळं ठप्प. कॉलेजच्या जिल्हा मंडळाने २८,००० डॉलर बिटकॉइनमध्ये मोजले आणि किल्ली विकत घेतली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर काउंटी कम्युनिटी कॉलेजचा घात झाला २०२१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या सुमारास. कॅलिफोर्नियातलं सिएरा कॉलेज मे २०२१ मध्ये, ऐन परीक्षांच्या आठवड्यात सापडलं. त्याच राज्यातल्या वाळवंटी भागात पाम डेझर्ट नावाचं गाव आहे, तिथल्या कॉलेज ऑफ द डेझर्टची यंत्रणा ४ जुलै २०२२ ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, कोसळली आणि पूर्ववत व्हायला जवळपास महिना लागला. त्या कॉलेजवरचा हा दोन वर्षांतला दुसरा हल्ला होता. लांब सुट्टी, शुक्रवारची रात्र, परीक्षेचा आठवडा: म्हणजे एक तर माणसं जागेवर नसतात, किंवा असतात तेव्हा एक दिवसही वाया घालवणं परवडणार नसतं.

आत शिरण्याचा मार्ग बहुधा साधाच असतो. एखाद्या कर्मचाऱ्याला खरी वाटेल अशी ईमेल येते आणि तो पासवर्ड देऊन बसतो. किंवा निवृत्त झालेल्या कोणाचं खातं बंद करायचं राहून गेलेलं असतं. चोर आत आल्यावर लगेच आवाज करत नाही. दिवसेंदिवस तो घर हिंडून पाहतो, तिजोरी कुठे, मागचं दार कुठे. मुख्य म्हणजे बॅकअप कुठे ठेवले आहेत ते शोधतो आणि आधी त्यांचा निकाल लावतो. कुलूप घालणं हे शेवटचं काम. म्हणून संगणक विभागातली मंडळी ‘तीन-दोन-एक’ चा नियम सांगतात: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत कॉलेजच्या बाहेर. त्यांतली एक तरी प्रत नेटवर्कला जोडलेली नसावी, म्हणजे चोराचा हात तिथवर पोचणार नाही. नियम सोपा आहे. पण त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करून पाहण्याचा सराव वर्षातून एकदा करायचा, तर दोन दिवस आणि चार माणसं लागतात. छोट्या कॉलेजात ही चार माणसंच सगळा संगणक विभाग असतात. प्रिंटर अडकला तरी तीच धावतात.

यंत्रणा पुन्हा उभी करण्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिल्यांदा सगळ्या तारा ओढायच्या, म्हणजे आग पसरायची थांबते. मग ‘हा माणूस कोण’ हे ओळखणारी यंत्रणा स्वच्छ करायची, कारण ती विश्वासाची नसेल तर बाकी काहीच उघडता येत नाही. मग पगार. मग विद्यार्थ्यांची आर्थिक मदत आणि नोंदणी. मग वर्गांची ऑनलाइन जागा. आजकाल कॅनव्हाससारखी ही जागा बाहेरच्या कंपनीच्या क्लाउडवर असते, म्हणजे हल्ल्यात ती शाबूत राहते. पण तिचं दार कॉलेजच्याच लॉगिनने उघडतं. लॉगिन मेलं की आतली वही सुरक्षित असूनही मुलगा दाराबाहेर उभा. त्यानंतर ग्रंथालय, फोन, छपाई. आणि अगदी शेवटी लहान विभाग, ज्यांच्या नावाने कोणी आरडाओरडा करत नाही.

आयोवातल्या डी मॉइन एरिया कम्युनिटी कॉलेजमध्ये जून २०२१ च्या हल्ल्यानंतर समोरासमोरचे वर्ग आधी सुरू झाले, ऑनलाइन वर्गांना थांबावं लागलं. तांत्रिकदृष्ट्या दुसरा इलाज नव्हता. पण ऑनलाइन वर्ग कोण घेतं? दिवसा दुकानात उभी राहणारी, रात्री मुलांना झोपवून अभ्यासाला बसणारी बाई. ज्याला कॉलेजात येणं जमतं त्याचं कॉलेज लवकर सुरू झालं. जिला येणं जमत नाही म्हणूनच ऑनलाइन वर्ग होता, तिचं उशिरा. यात कोणाची दुष्ट बुद्धी नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त टोचतं.

उशिराची किंमत किती असू शकते, हे लिंकन कॉलेजने दाखवलं. इलिनॉयमधली ही खासगी संस्था कम्युनिटी कॉलेज नव्हती, पण लहान, ग्रामीण, आणि गरीब घरांतली मुलं घेणारी होती. अब्राहम लिंकन यांच्या हयातीतच, १८६५ मध्ये, त्यांच्या नावाने ती सुरू झाली. १९१२ ची आग, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, १९३० च्या दशकातली महामंदी, दोन महायुद्धं, सगळं तिने पचवलं. डिसेंबर २०२१ मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला. एक लाख डॉलरहून कमी खंडणी भरली गेली. यंत्रणा पूर्ण सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडला. मधल्या महिन्यांत पुढच्या वर्षीच्या प्रवेशांचा अंदाजच घेता आला नव्हता. दार उघडलं तेव्हा दिसलं की मुलं फार कमी येणार आहेत. कोविडने आधीच पोखरलेल्या संस्थेने १३ मे २०२२ ला, १५७ व्या वर्षी, दारं कायमची बंद केली. लिंकन कॉलेजचा मृत्यू एकट्या हल्ल्याने झाला असं म्हणणं बरोबर ठरणार नाही. पण सर्व्हर मार्चमध्ये सुरू झाले आणि कॉलेज मे महिन्यात संपलं, हा क्रम मला विसरता येत नाही. तांत्रिक अर्थाने ती यंत्रणा पूर्ववत झाली होती.

कधी दोष कॉलेजचा मुळीच नसतो. २०२३ च्या उन्हाळ्यात ‘मूव्हइट’ या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून, विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसची माहिती चोरीला गेली आणि जवळपास नऊशे शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांना त्याची झळ बसली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरची ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी केली. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली आणि तिच्यावर चालणारं कॅनव्हासही थांबलं, सत्राच्या ऐन मध्यात. इथे कॉलेज फक्त वाट पाहू शकतं.

मदतीचा हातही आखडता होत चालला आहे. राज्य आणि स्थानिक संस्थांना सायबर धोक्यांची सूचना व मदत देणारं एमएस-आयएसएसी हे केंद्र सरकारी कॉलेजांसाठी मोठा आधार होतं, कारण ते फुकट होतं. २०२५ मध्ये आधी त्याच्या संघीय निधीला कात्री लागली, मग सप्टेंबरअखेर तो पूर्ण थांबला आणि सभासदत्वाला पैसे पडू लागले. मोठ्या विद्यापीठाला ही रक्कम जाणवणारही नाही. चार माणसांच्या संगणक विभागाला ती नवी माणसं घ्यायची की सभासद व्हायचं, असा प्रश्न टाकते. त्याच वेळी कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांना खोट्या विद्यार्थ्यांनी घेरलं आहे: आर्थिक मदत लाटण्यासाठी प्रोग्रॅमने भरलेले अर्ज. त्यांना चाळून काढायचं कामही याच माणसांवर, आणि चाळणी घट्ट केली की कागदपत्रं धड नसलेला खरा गरीब विद्यार्थीही तिच्यात अडकतो.

या सगळ्यात परदेशी शिकायला जाण्याचं काय? अनेकांना तो कम्युनिटी कॉलेजात शोभत नाही असा थाट वाटतो. मला हे मत मुळातच चुकीचं वाटतं. ही कॉलेजं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मुलं परदेशी पाठवत आली आहेत, आणि परस्परांत सहकार्य करण्यासाठी त्यांनी १९७६ पासून सीसीआयडी नावाची संघटना चालवली आहे. प्रवास बहुधा लहान असतो, दोन ते चार आठवड्यांचा, कॉलेजचाच एखादा प्राध्यापक बरोबर. सहा महिने नोकरी आणि लेकरू सोडून जाणं ज्याला शक्य नाही त्याला हेच शक्य असतं.

आकडे मात्र बोलके आहेत. २०१८-१९ मध्ये ३,४७,०९९ अमेरिकन विद्यार्थी परदेशी शिकून आले. कोविडच्या २०२०-२१ मध्ये ही संख्या १४,५४९ वर घसरली. २०२२-२३ पर्यंत ती २,८०,७१६ वर चढली. हेही एक प्रकारचं पूर्ववत होणं आहे, आणि याही वेळी आधी कोण उठलं ते पाहावं. परदेशी जाणाऱ्यांत कम्युनिटी कॉलेजची मुलं शंभरात जेमतेम दोन असतात. तिसऱ्या हिश्श्याहून मोठा समाज, आणि वाटा दोन टक्क्यांचा. अधिक मुलं परदेशी शिकायला जावीत यासाठी इलिनॉयचे सिनेटर पॉल सायमन यांनी बराच पाठपुरावा केला. त्यांच्या निधनानंतर, २००५ मध्ये, लिंकन यांच्याच नावाच्या एका आयोगाने दरवर्षी दहा लाख अमेरिकन मुलं परदेशी पाठवण्याचं ध्येय ठेवलं आणि त्यात कम्युनिटी कॉलेजं यायला हवीत असा आग्रह धरला. तो आकडा आजही फार लांब आहे.

परदेशी गेलेल्या मुलांचं पुढे शिक्षण पूर्ण करण्याचं प्रमाण जास्त असतं, असं कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांवर रोझालिंड रॅबी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात आणि जॉर्जियाच्या सरकारी विद्यापीठांच्या मोठ्या पाहणीतही दिसलं. यावर शंका घेता येते: जाणारी मुलं आधीच जिद्दीची असतात. शंका रास्त आहे. तरी एक गोष्ट उरते. ज्याने आपल्या काउंटीबाहेर पाऊल टाकलेलं नाही, ज्याचा पहिला पासपोर्टच या प्रवासासाठी निघतो, त्याला तीन आठवडे दुसऱ्या भाषेत बाजारहाट करावा लागतो. तो परत आल्यावर विद्यापीठाच्या मुलाखतीला बिचकत नाही. जिद्द आधीची असेल, पण ती दुसऱ्या देशात कामाला आली, हे त्याला स्वतःला कळलेलं असतं.

पैशाचा मार्ग गिलमन शिष्यवृत्तीतून जातो. २००० सालच्या कायद्याने सुरू झालेली, न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य बेंजामिन गिलमन यांच्या नावाची. ज्यांना पेल ग्रँट, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांची संघीय मदत, मिळते त्यांनाच ती मिळते, ५,००० डॉलरपर्यंत. निवडक भाषा शिकणाऱ्याला त्यावर आणखी ३,००० पर्यंत. अर्जाच्या मुदती वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास.

इथेच दोन्ही सूचना एकमेकींना भिडतात. गिलमनला पेल लागते. पेलला संघीय मदतीचा अर्ज लागतो. २०२४-२५ साठीचा तो नवा अर्ज एरवीच्या १ ऑक्टोबरऐवजी डिसेंबर २०२३ च्या शेवटी उघडला आणि कॉलेजांपर्यंत त्यातली माहिती पोचायला मार्च उजाडला. ज्या घरात आईवडिलांनी अर्ज भरून ठेवले, त्यांनी वाट पाहिली. ज्या घरात अर्ज भरणारा मुलगाच एकटा होता, त्यांतल्या अनेकांनी नाद सोडला. कॉलेजचं लॉगिन बंद असलं तर गुणपत्रक निघत नाही. ज्या सल्लागाराची संमती हवी त्याच्या ईमेलचा पत्ताच चालत नाही. आणि आंतरराष्ट्रीय विभागाच्या कपाटात काय असतं? पासपोर्टच्या प्रती, औषधांची यादी, घरच्यांचे फोन. चोराला याहून सुपीक जागा सापडत नाही. वीस मुलांचा गट समजा पेरूमध्ये असताना कॉलेजची यंत्रणा बंद पडली, तर आईला कळवण्यासाठी तिचा नंबर कुठे शोधायचा? जुने प्राध्यापक छापील यादी पिशवीत ठेवतात, आणि त्यांच्या या सवयीला जुनाट म्हणू नये. नेटवर्कला न जोडलेली प्रत ती हीच.

म्हणून ‘यंत्रणा पूर्ववत झाली’ असं जाहीर करताना कॉलेजांनी आणखी एक ओळ लिहावी, असं मला कळकळीने वाटतं: या दिवसांत ज्यांची कुठली मुदत टळली त्यांनी अमुक खोलीत यावं, आम्ही विद्यापीठाला, शिष्यवृत्तीच्या कचेरीला, जिथे लागेल तिथे पत्र देऊ. याला नवा सर्व्हर लागत नाही. एक टेबल, लेटरहेड आणि एक माणूस लागतो. तो माणूस मात्र नेमावा लागतो.

तंत्रज्ञानाने परदेश घरी आणण्याचाही प्रयत्न झाला. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये कॉइल नावाचं केंद्र सुरू केलं. दोन देशांतले दोन वर्ग एकत्र येऊन ऑनलाइन प्रकल्प करतात. जाऊ न शकणाऱ्यांसाठी हा उत्तम मार्ग आहे, आणि मला तो परदेशवारीची स्वस्त नक्कल वाटत नाही. पण तोही त्याच लॉगिनमधून जातो. आणि शेजारच्या घरातल्या आजीने ताटात आणखी एक भाकरी वाढली तर ‘नको’ कसं म्हणायचं, हे पडद्यावरून शिकता येत नाही.

अमेरिकन मुलांचं असं येऊन राहणं पुण्याला नवीन नाही. अमेरिकेतल्या मध्य-पश्चिम भागातल्या खासगी कॉलेजांची मुलं १९६९ पासून पुण्यात येत राहिली, मराठी शिकली, पुणेरी कुटुंबांत राहिली. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे वर्गही पुण्यातच भरतात. येणारे बहुधा चार वर्षांच्या कॉलेजांतले किंवा संशोधक. उलट दिशेने, आपल्याकडच्या काही तरुणांना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या योजनेतून वर्षभर तिथल्या कम्युनिटी कॉलेजात शिकायला मिळालं. म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या गावातला तरुण आयोवाचं कम्युनिटी कॉलेज पाहू शकत होता. आयोवातली नर्सिंग शिकणारी मुलगी मात्र पुणं फारसं पाहत नाही.

ती तीन आठवड्यांसाठी आली, तर इथल्या एखाद्या सरकारी रुग्णालयात एक नर्स किती खाटा सांभाळते ते तिला दिसेल. नातेवाईकच रुग्णाचा पाय दाबत, पाणी भरत, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन पळत कसे असतात तेही दिसेल, आणि ‘दुखतंय का?’ हे मराठीत विचारायला ती शिकेल. त्यासाठी तिचा अर्ज मार्चमध्ये वेळेवर जायला हवा, आणि त्या आठवड्यात तिच्या कॉलेजचं लॉगिन चालू असायला हवं.